टेबलावरचे तळे : मासा मात्र सर्वांत शेवटी

शोभिवंत माशांच्या दुकानात तुम्ही कधी गेला असाल, तर मोठ्या काचपेट्यांच्या शेजारी एका फळीवर ओळीने मांडलेल्या लहान लहान बरण्या तुम्ही पाहिल्याच असतील. प्रत्येक बरणीत एकच मासा. कुणी निळा, कुणी तांबडा, कुणी जांभळा, पण परांचा पिसारा मात्र प्रत्येकाचा डौलदार. दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा केलेला असतो. तो काढला आणि शेजारच्या बरणीतला नर दिसला, की हा मासा कल्ल्यांवरची झाकणे फुगवून लढाईच्या पवित्र्यात उभा राहतो. म्हणूनच बाजारात त्याला 'फायटर' म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव बेट्टा स्प्लेंडेन्स.

बरणीत हवेचा पंप नसतो, वनस्पती नसते, वाळूही नसते. तरीही मासा जिवंत असतो. साहजिकच पाहणाऱ्याचा असा समज होतो, की या माशाला फारसे काही लागत नाही. कुणीतरी हौसेने बरणीसकट तो घरी किंवा शाळेत आणतो, टेबलावर ठेवतो आणि पुष्कळदा काही आठवड्यांतच मासा तळाशी निपचित पडतो.

येथे दोन प्रश्न उभे राहतात. इतर मासे जेथे थोड्याच वेळात पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतील, अशा बरणीत फायटर जगतो कसा? आणि एवढे सोसूनही जगत असेल, तर पुढे मरतो का? या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत. ती वेगवेगळी आहेत, हे ज्याला कळले त्याला मत्स्यालयाचे निम्मे शास्त्र कळले असे समजावे.

हवेत श्वास घेणारा मासा

बहुतेक मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांच्या साहाय्याने घेतात. फायटरलाही कल्ले आहेत. पण त्यांच्या वरच्या बाजूस, डोक्याच्या पोकळीत, त्याला आणखी एक अवयव आहे. हाडाच्या पातळ, वळ्या पडलेल्या पट्ट्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली नाजूक त्वचा पसरलेली असते. या वळ्या एखाद्या चक्रव्यूहासारख्या दिसतात, म्हणून या अवयवास 'लॅबिरिंथ' असे नाव पडले आहे. मासा पृष्ठभागावर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि तो या पोकळीत साठवतो. तेथील रक्तवाहिन्या हवेतील प्राणवायू शोषून घेतात. पिले अंड्यातून बाहेर पडतात तेव्हा त्यांच्यात हा अवयव तयार नसतो; तो काही आठवड्यांनंतर कामाला लागतो. मोठ्या फायटरला मात्र वर येऊन हवा घेणे भागच असते. त्याची वर येण्याची वाट अडवली, तर मासा असूनही तो पाण्यात गुदमरू शकतो!

ही सोय त्याला त्याच्या मूळ घराने दिली आहे. थायलंडमधील चाओ फ्राया नदीच्या सखल खोऱ्यातील दलदली, कालवे आणि भातखाचरे हे त्याचे घर. तेथील पाणी कोमट, संथ आणि कुजणाऱ्या पानापाचोळ्याने भरलेले असते. अशा पाण्यात प्राणवायू कमी असतो. तेथील लोक या माशाला फार पूर्वीपासून पाळत आले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानुसार माणसाने या माशाला पाळीव करण्यास निदान १,००० वर्षांपूर्वी सुरुवात केली असावी. ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० मध्ये त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला आपला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

हवा घेणारे मासे आपल्यालाही अपरिचित नाहीत. आपल्या बाजारात थोड्याशा पाण्यात तासन्‌तास जिवंत राहणारा मरळ तुम्ही पाहिला असेल. बंगालमध्ये आवडीने खाल्ला जाणारा 'कोई' हा मासा तर फायटरच्याच गटातला; त्यालाही लॅबिरिंथ असतो.

आता भातखाचराचे पाणी उथळ असते, हे खरे. पण उथळ म्हणजे थोडे नव्हे! एक गुंठा खाचरात १५ सें.मी. पाणी उभे असेल, तर ते किती लिटर भरेल? एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्याला ०.१५ मीटरने गुणा. उत्तर येईल सुमारे १५ घनमीटर, म्हणजेच १५,००० लिटर. शिवाय त्या पाण्यात वनस्पती आहेत, चिखल आहे आणि चिखलात कोट्यवधी जीवाणू आहेत. बरणीत आहे एक लिटर पाणी आणि बाकी काही नाही.

मग बरणीत बिघडते काय?

श्वासोच्छ्वासाचा प्रश्न लॅबिरिंथने सोडवला. पण सजीवाला केवळ आत घेऊन भागत नाही. बाहेर टाकावेही लागते. माशाने खाल्लेल्या प्रथिनांमध्ये नत्र असतो. शरीराला नको असलेला नत्र आपण मूत्रातून युरियाच्या रूपाने टाकतो. मासे तो मुख्यतः अमोनियाच्या रूपाने टाकतात आणि तेही कल्ल्यांवाटे, सरळ पाण्यात. हवा घेणारा फायटर याला अपवाद नाही. म्हणजे प्राणवायू तो हवेतून आणील; पण अमोनिया टाकण्यास त्याला पाण्याशिवाय दुसरी जागा नाही.

थोडे गणित करू. समजा, माशाला दररोज ५० मि.ग्रॅ. खाद्य दिले आणि त्यात ४० टक्के प्रथिने आहेत. म्हणजे प्रथिने झाली २० मि.ग्रॅ. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असतो; म्हणजे नत्र ३.२ मि.ग्रॅ. त्यातील काही माशाच्या वाढीस लागला आणि सुमारे २ मि.ग्रॅ. अमोनियाच्या रूपाने बाहेर पडला असे धरू. एक लिटरच्या बरणीत एका दिवसात दर लिटरला २ मि.ग्रॅ. नत्र जमा झाला.

हे प्रमाण घातक आहे काय? ते पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर, अवलंबून असते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत वावरतो. एक मुक्त अमोनिया आणि दुसरा विद्युत्‌भारित अमोनियम. मुक्त अमोनिया कल्ल्यांतून सहज आत शिरतो आणि तोच फार विषारी असतो. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी मुक्त रूपात सुमारे ०.६ टक्केच असतो. सामू ८ झाला, की तेच प्रमाण ५ टक्क्यांच्या वर जाते. दख्खनच्या काळ्या दगडातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड आणि किंचित अल्कधर्मी असते, हे येथे ध्यानात ठेवावे.

मुक्त अमोनिया लिटरला ०.०५ मि.ग्रॅ.च्या आसपास गेला, की कल्ल्यांना इजा होऊ लागते, असे मत्स्यपालक मानतात. आपल्या बरणीत सामू ८ असेल, तर पहिल्याच दिवशी २ चे ५ टक्के, म्हणजे ०.१ मि.ग्रॅ. झाला. मर्यादेच्या दुप्पट! दुकानात रोज पाणी बदलले तर हे निभावून जाते. घरी एक दिवस विसर पडला, की मासा स्वतःच्याच उत्सर्गात होरपळू लागतो. तो धापा टाकत नाही, तडफडत नाही. पर मिटून घेतो, खाणे सोडतो आणि एके दिवशी संपतो. पाहणाऱ्याला वाटते, आयुष्य तेवढेच होते. प्रत्यक्षात चांगल्या पाण्यात फायटर दोन ते चार वर्षे सहज जगतो. म्हणजे आठवीच्या वर्गात आणलेला मासा तुमची दहावी होईपर्यंत सोबत करू शकतो.

मोठी पेटी घेतली, की काम झाले काय? तेही पाहू. हाच २ मि.ग्रॅ. नत्र १८.६ लिटर पाण्यात मिसळला, तर दर लिटरला रोज सुमारे ०.११ मि.ग्रॅ. भर पडेल आणि त्यातील मुक्त अमोनिया असेल ०.००५ मि.ग्रॅ.च्या आसपास. संकट टळले असे वाटते. पण ही भर रोजची आहे. नवव्या-दहाव्या दिवशी आपण त्याच मर्यादेला येऊन पोहोचू. म्हणजे मोठ्या पेटीने संकट लांबले, टळले नाही. टाळायचे असेल तर हा नत्र रोजच्या रोज उचलून नेणारा कुणीतरी पेटीत हवा.

पित्याचा शोध आणि पुत्राचा शोध

हा 'कुणीतरी' कोण, हे शोधण्यात एका पिता-पुत्राच्या जोडीचा मोठा वाटा आहे.

रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडतील, वनस्पती तो घेऊन उजेडात प्राणवायू देतील आणि पाणी न बदलता दोघेही सुखाने राहतील, ही त्यांची कल्पना. पण वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ होऊन काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यांनी पात्रात तळ्यातील गोगलगाई सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने आणि हिरवा थर फस्त केला आणि पात्र स्वच्छ झाले. हे निष्कर्ष त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केले. समतोल मत्स्यालयाची कल्पना तेव्हापासून रूढ झाली.

त्यांच्या मुलाचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. हा मुलगा पुढे इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील प्रसिद्ध कृषिसंशोधन केंद्रात काम करू लागला. शेतातील अमोनियाचे नायट्रेट कसे होते, हा त्याचा विषय. हे रूपांतर दोन पायऱ्यांनी होते, पहिल्या पायरीत अमोनियाचे नायट्राइट आणि दुसऱ्या पायरीत नायट्राइटचे नायट्रेट, आणि त्यामागे सूक्ष्मजीव आहेत, हे त्याने दाखवले. ते जीवाणू शुद्ध रूपात वेगळे करण्याचे यश मात्र १८९० च्या सुमारास रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांना मिळाले. अगदी अलीकडे, २०१५ मध्ये, या दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जीवाणू सापडल्याचे दोन संशोधक-गटांनी जाहीर केले. त्यांपैकी एका गटाला ते मत्स्यपालनाचे पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीतच सापडले!

पित्याने पाहिला तो प्राणवायूचा हिशेब. पुत्राने पाहिला तो नत्राचा. मत्स्यालय चालते ते दोन्ही हिशेब जुळल्यावर. फायटरच्या बाबतीत पहिला हिशेब बराचसा हवेवर सुटतो. म्हणून तर लोकांना दुसऱ्याचा विसर पडतो.

पेटीचे गणित

आता प्रत्यक्ष कामाला लागू. ४० सें.मी. लांब, २५ सें.मी. रुंद आणि २५ सें.मी. उंच अशी काचपेटी एका फायटरला चांगली. तळाशी ४ सें.मी. वाळू पसरून २१ सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरू. ४० × २५ × २१ म्हणजे २१,००० घन सें.मी., अर्थात २१ लिटर. वाळूचा थर ४ लिटरचा. पण तिच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी शिरते. सुमारे ६० टक्के भाग खरोखर वाळूने व्यापला असे धरले, तर २.४ लिटर वजा होतात आणि पाणी उरते १८.६ लिटर.

वजनाचाही विचार हवा. पाणी १८.६ किलो, वाळू सुमारे ६ किलो आणि ५ मि.मी. जाडीची काच सुमारे ५ किलो. एकूण ३० किलो! एवढा भार पेलणारे, न डुगडुगणारे टेबल निवडावे आणि पेटीखाली थर्माकोलचा पातळ तुकडा घालावा, म्हणजे भार सारखा पसरतो. भरलेली पेटी कधीही उचलू नये.

पाण्याच्या वर ४ सें.मी. जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे. मासा तेथे हवा घ्यायला येणार. पेटीला झाकण हवेच, कारण फायटर उडी मारतो. झाकणामुळे त्याच्या श्वासाची हवा उबदार आणि दमटही राहते. फक्त हवा खेळती राहील इतकी फट ठेवावी.

पेटी खिडकीच्या उन्हात ठेवू नये. उन्हाने पाणी तापते आणि शेवाळ माजते. फायटरला २४ ते २८ अंश तापमान मानवते. कोकणात बहुधा तापकाची गरज पडत नाही; पण पुणे-नाशिककडच्या हिवाळ्यात रात्री पाणी बरेच थंड होते. तेथे २५ वॅटचा, तापमान स्थिर राखणारा छोटा तापक बसवावा. पाण्यात हात घालण्यापूर्वी त्याची आणि दिव्याची पिन काढलीच पाहिजे, हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून पेटीजवळ लावावा. विदर्भ-मराठवाड्यात काळजी उलटी. तेथे उन्हाळ्यात खोलीतील सर्वांत थंड कोपरा शोधावा.

वाळू, पाणी आणि वनस्पती

वाळू नदीची जाडसर असावी. ती स्वच्छ पाणी निघेपर्यंत बादलीत धुवावी. साबण अजिबात लावू नये. शिंपल्यांचा चुरा, संगमरवराचे खडे किंवा चुनखडी वाळूत नको. ती हळूहळू विरघळून सामू वाढवतात आणि सामू वाढला, की अमोनिया अधिक विषारी होतो, हे आपण पाहिले आहे. खड्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाकून पाहा. फसफसला तर तो खडा बाद! ही चाचणी प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो. तो माशालाही घातक आणि आपल्याला हव्या असलेल्या जीवाणूंनाही. पसरट बादलीत पाणी २४ तास उघडे ठेवले तर साधा क्लोरीन बराचसा उडून जातो. काही ठिकाणी क्लोरामीन वापरतात. ते असे उडत नाही. मग सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीन-नाशक औषध वेष्टनावर सांगितल्याप्रमाणे घालावे. छायाचित्रकार ज्याला 'हायपो' म्हणत, तोच हा पदार्थ.

वनस्पती केवळ शोभेसाठी नाहीत. पुष्कळ पाणवनस्पती नायट्रेटपेक्षा अमोनियम अधिक पसंत करतात. म्हणजे माशाचा उत्सर्ग हे त्यांचे खत. वाळूत रोवण्यासाठी वॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरीन घ्यावीत. प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगात तुम्ही नरसाळ्याखाली ठेवता ती हायड्रिलाही उत्तम. ती भराभर वाढते आणि भराभर नत्र शोषते. जावा फर्न आणि ॲन्युबियस यांचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे. पृष्ठभागावर थोडी साल्व्हिनिया सोडली तर मासा तिच्या सावलीत विसावतो. मात्र निम्मा पृष्ठभाग तरी मोकळा हवा. निदान अर्धा तळ वनस्पतींनी झाकला जाईल इतकी लागवड सुरुवातीलाच करावी. प्रकाश रोज सहा ते आठ तास पुरे.

पाणी हळुवार खेळवणारी स्पंजची गाळणी बसवावी. फायटरचे पर लांब असतात. जोराच्या प्रवाहात तो थकून जातो. शिवाय स्पंजच्या असंख्य छिद्रांत जीवाणूंना राहण्यास भरपूर जागा मिळते. नायट्रीकरण करणारे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते स्पंज, वाळू, पाने अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात.

चार ते सहा आठवड्यांचा संयम

पेटी सजली. आता मासा आणायचा ना? नाही! याच टप्प्यावर बहुतेकांची घाई होते.

दुधाचे दही करणारे जीवाणू एका रात्रीत काम फत्ते करतात. नायट्रीकरण करणारे जीवाणू तसे नाहीत. त्यांची संख्या दुप्पट होण्यास सुमारे एक दिवस लागतो. कधी त्याहूनही अधिक. त्यांची पुरेशी वस्ती होईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात पेटीत मासा असेल, तर वाढत्या अमोनियाचा आणि नायट्राइटचा मार त्यालाच बसतो. नायट्राइट रक्तात शिरून हीमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घालवतो. मासा वर येऊन कितीही हवा घेवो, ती शरीरात पोहोचवणार कोण? येथे लॅबिरिंथही उपयोगी पडत नाही.

म्हणून माशाविना पेटी चालवायची. रोज माशाच्या खाद्याची एक बारीक चिमूट टाकावी. खाद्य कुजते, अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना अन्न मिळते. एखाद्या निरोगी, जुन्या मत्स्यालयातील मूठभर वाळू मिळाली तर ती घालावी. दह्याला विरजण लावावे तशी ती काम करते. दुकानात मिळणाऱ्या चाचणी-संचाने दर दोन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजून वहीत नोंदवावे आणि आलेखकागदावर तीन रंगांत रेषा काढाव्यात. पहिल्यांदा अमोनियाची रेषा वर चढते. ती उतरू लागते तेव्हा नायट्राइटची चढते. ती उतरते तेव्हा नायट्रेटची चढते. वनस्पती दाट असतील, तर त्या अमोनिया परस्पर उचलतात आणि पहिल्या दोन रेषा ठेंगण्या राहतात. चिमूटभर खाद्य रोज पडत असूनही सलग आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की समजावे, पेटी तयार आहे.

आता निम्मे पाणी बदला आणि मासा आणा. पिशवी वीस मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे पेटीतील पाणी पिशवीत घालावे आणि शेवटी मासा जाळीने उचलून पेटीत सोडावा. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. मासा एकच. दोन नर एकत्र ठेवले तर ते एकमेकांना फाडतात. आरसा दाखवून त्याला वारंवार चिडवणे हाही खेळ नव्हे.

पुढची निगा

खाद्य थोडेच घालावे. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच. आठवड्यातून एक दिवस उपवास घडला तरी बिघडत नाही. उरलेले खाद्य म्हणजे अमोनियाच, हे समीकरण पाठ करून ठेवावे. वर्गातील प्रत्येकाला मासा आवडतो आणि प्रत्येकजण चिमूट टाकतो, यातच शाळेतील पेट्या बिघडतात. त्यासाठी पेटीजवळ एक तक्ता लावून आठवड्याचे मानकरी ठरवावेत आणि खाद्य घातले की लगेच खूण करावी. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुटीत पेटी कोण पाहणार, हे मासा आणण्यापूर्वीच ठरलेले असावे.

दर आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे साडेचार लिटर पाणी सायफनने काढून तेवढेच क्लोरीनविरहित, सारख्या तापमानाचे पाणी घालावे. सगळे पाणी कधी बदलू नये. स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा, नाहीतर चार आठवड्यांची वस्ती चार मिनिटांत धुऊन जाईल. आटलेल्या पाण्याची भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. पाणी वाफ होऊन उडते, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. पेटीचे काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि हाताला जखम असेल त्याने पाण्यात हात घालू नये.

छाटलेल्या वनस्पती किंवा नकोसे झालेले मासे नाल्यात, तळ्यात, नदीत सोडू नयेत. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने आपल्या नद्यांचे काय केले आहे, हे आपण पाहतोच.

करून पाहा

१. मासा पंधरा मिनिटांत हवा घ्यायला किती वेळा वर येतो, हे सकाळी आणि दुपारी मोजा. त्याच वेळी पाण्याचे तापमान नोंदवा. महिनाभरात काही संबंध दिसतो का?

२. पेटीतील पाण्याचा सामू दिवे लावण्यापूर्वी आणि मालवण्यापूर्वी मोजा. दिवसा वनस्पती कार्बन डायऑक्साइड उचलतात. त्यामुळे सामू कोणत्या दिशेने सरकावा? तुमच्या नोंदी तसेच सांगतात का?

३. माशाचा जीव धोक्यात न घालता बरणीचे रहस्य तपासता येते. दोन बरण्यांत एकेक लिटर क्लोरीनविरहित पाणी घ्या. दोन्हींत मोजून सारखेच खाद्य टाका. एका बरणीत हायड्रिलाच्या चार-पाच फांद्या आणि जुन्या पेटीतील मूठभर वाळू घाला. दोन्ही उजेडात ठेवा आणि एक दिवसाआड अमोनिया मोजा. पंधरा दिवसांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून वर्गात चर्चा करा.

विचार करा

१. फायटरच्या जागी तेवढ्याच वजनाचा, केवळ कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा असता, तर आपल्या हिशेबातील कोणता भाग बदलला असता आणि कोणता तसाच राहिला असता?

२. पेटीत मासा नीट असताना वीज सहा तास गेली. गाळणी बंद पडली. फायटरला श्वासाचा त्रास होईल का? स्पंजमधील जीवाणूंचे काय होईल? त्यांनाही प्राणवायू लागतो, हे लक्षात घेऊन उत्तर द्या.

३. तुमच्या गावच्या पाण्याचा सामू ८ आहे आणि शेजारच्या गावचा ७. दोन्हीकडे सारखीच पेटी, सारखाच मासा आणि सारखीच अनियमित निगा. कोणता मासा आधी संकटात येईल आणि का?